तालमीत बीपीचं मशीन ठेवा

कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढायच्या वेळी अधूनमधून कुणीतरी छाती चोळत येतो, "दादा, गॅसची गोळी द्या की." कपाळावर घाम, डावा हात जड, तरी म्हणायचं गॅसच! अशाला मी गोळी देत नाही. १०८ ला फोन लावतो. काही जण चिडतात. चिडू देत.

बाहेरगावच्यांना वाटतं, कोल्हापूरकराच्या काळजाचा वैरी तांबडा रस्सा. मला नाही पटत. रविवारी ओरपलेल्या रश्श्यापेक्षा दिवसभर गालात धरलेल्या तंबाखूचं मला जास्त भय वाटतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी. मावा मात्र चौकाचौकात मळून मिळतो. "सिगारेट सोडली, आता नुसता मावा," असं छाती फुगवून सांगणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. निकोटीन धुरातून जावो की गालातून, नाडी नि रक्तदाब चढवतंच. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासानं २००४ मध्ये हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागची नऊ कारणं दाखवली. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर त्यात आले, आणि नऊच्या नऊ आपल्या आवाक्यातली. चघळायच्या तंबाखूनंही झटक्याचा धोका वाढतो, हे त्याच अभ्यासातून २००६ मध्ये पुढं आलं.

दुसरी गोष्ट खुराकाची. पहाटे उठून शेकड्यानं जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाला थंडाई, तूप, धारोष्ण दूध शोभतं. आपल्याकडं तालीम सुटते, लाल माती सुटते, खुराक तेवढा सुटत नाही. कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा पेला रिचवून तिथूनच बुलेटला किक मारणाऱ्यानं स्वतःला पैलवान समजू नये. (मीही लहानपणी आखाड्यात लोळलोय, म्हणून हे बोलायचा हक्क सांगतो.)

मिठाचं थोडक्यात: दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खर्डा, पापड, लोणचं, फरसाण यांनीच तेवढं भरतं. भात-आमटीतलं मीठ वेगळंच.

पण सगळ्यात अवघड गिऱ्हाईक वेगळं. डॉक्टरांनी लिहून दिलेली बीपीची गोळी महिनाभर नेतं आणि मग येतच नाही. रस्त्यात भेटलं की म्हणतं, "आता बरं वाटतंय की, बंद केलीया." अहो, गोळी चालू होती म्हणून तर आकडा खाली होता! वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही; तो मोजावाच लागतो.

म्हणून माझी मागणी तालीम मंडळांकडं आहे. कोल्हापुरात पोरं घरच्यांचं ऐकणार नाहीत, मंडळाच्या अध्यक्षाचं ऐकतील. गणपतीच्या मिरवणुकीतल्या साउंडला, फुटबॉलच्या खेळाडूंना आपण वर्गणी काढतोच. त्यातूनच प्रत्येक तालमीत दंडाला पट्टा बांधायचं एक चांगलं मशीन घ्यावं. तिशी ओलांडलेल्यानं खुर्चीत पाच मिनिटं गप बसावं, मग मोजावं. १४०/९० किंवा त्याहून वर आकडा पुन्हापुन्हा आला, तर डॉक्टर गाठावा. आणि पेठेच्या फुटबॉल संघासाठी ओरडायला शाहू स्टेडियमवर जाताना खिशातली पुडी घरी ठेवायची, असं मंडळानंच फर्मान काढावं. मशीन कसं वापरायचं ते शिकवायला मी येतो, दुकान सकाळी दहाला उघडतं, त्याआधी कधीही.