रुक्मिणीचं क्रियापद

सीताहरण आणि रुक्मिणीहरण. दोन्ही शब्द आपण एका दमात म्हणतो. पण सीतेला रावणाने फसवून, बळाने उचलून नेलं. ती वाटभर आक्रोश करत होती. रुक्मिणीने स्वतः निरोप धाडून, दिवस आणि जागा कळवून आपल्या माणसाला बोलावून घेतलं. या दोघींसाठी आपल्याला एकच शब्द पुरतो, याचा मला राग येतो. कारण हा शब्द पुराणात थांबलेला नाही. तो आजही पोलीस ठाण्यात आणि तुमच्या फोनवरच्या बातम्यांत रोज वापरला जातो.

इंग्रजीत 'इलोप' असं एक क्रियापद आहे. अर्थ: घरच्यांना न सांगता आपल्या माणसासोबत निघून जाणं, बहुतेक वेळा लग्नासाठी. गंमत त्याच्या व्याकरणात आहे. ते अकर्मक आहे. 'त्याने तिला इलोप केलं' असं इंग्रजीत म्हणता येत नाही. ती इलोप होते, तो होतो किंवा दोघं होतात. 'किडनॅप'ला मात्र कर्म लागतं. कुणीतरी उचलून नेणारा आणि कुणीतरी उचलली जाणारी.

इंग्रजी शब्द काही सोवळा नाही. जुन्या इंग्लिश कायद्यात नवऱ्याला सोडून दुसऱ्यासोबत गेलेल्या बाईसाठी तो वापरत, आणि अशा बाईचा नवऱ्यामागे त्याच्या जमिनीवरचा हक्क बुडायचा. १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकविसाच्या आतल्यांच्या लग्नाला पालकांची संमती लागू लागली, तेव्हा जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळू लागली. आज मात्र मोजक्या माणसांत, गाजावाजा न करता केलेल्या लग्नालाही 'इलोप' म्हणतात आणि त्याचे फोटो हौसेने टाकतात. लोकांनी वापरून वापरून शब्दाचा डाग धुतला.

आपल्याकडे तसा शब्द नाही असं नाही. वऱ्हाडात लोक सरळ म्हणतात, "पोट्टी पयाली." इथे कर्ता पोट्टीच आहे. म्हणजे ती आपल्या पायांनी गेली, हे गावाला पक्कं ठाऊक असतं. पण तीच गोष्ट तक्रारीच्या कागदावर उतरली की 'फूस लावून पळवून नेले' होते. गावापासून ठाण्यापर्यंतच्या वाटेत मुलगी कर्त्याची कर्म होते. तिला कुणी विचारत नाही.

आणि हे कुठे? ज्या अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर म्हणून ज्याची ओळख आहे, तिथे. भागवताच्या दशम स्कंधात तिचं पत्र आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघालाय. ती एका ब्राह्मणाहाती कृष्णाला कळवते: लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. राक्षसविधीने ने, असंही तीच सांगते. हरणाचा बेतसुद्धा तिचाच.

जुन्या मराठीला हे कळलं होतं. महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकात काव्य लिहिलं, एकनाथांनी १५७१ मध्ये. दोघांनीही नाव दिलं 'रुक्मिणीस्वयंवर'. स्वयंवर, म्हणजे निवड तिची. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदंबेने धवळे गायले तेही कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे.

न्यायालयालाही हा फरक करावा लागला. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये एका क्रियापदाचाच निवाडा केला. मुलगी सज्ञान व्हायला थोडाच अवधी होता. तिनेच फोन करून त्याला बोलावलं होतं. न्यायालय म्हणालं, 'नेणं' वेगळं आणि सोबत येऊ देणं वेगळं. आरोपी सुटला.

कुणी म्हणेल, फसवणूकही होते, मुली विकल्याही जातात. होतं ना. म्हणूनच 'पळवून नेलं' हा शब्द जपून वापरायला हवा. स्वखुशीने गेलेल्या प्रत्येकीला तो चिकटवला, की जिला खरंच ओढून नेलंय तिची तक्रारही 'असेल प्रेमप्रकरण' म्हणून हसण्यावारी जाते. म्हणजे नुकसान रुक्मिणीचं होतं तसंच सीतेचंही होतं. अठरा वर्षांखालच्या मुलीला कायद्याचं संरक्षण हवंच, त्यावर माझा वाद नाही. पण एकवीस-बावीस वर्षांच्या बाईला 'नेली', 'शोधली', 'परत आणली' म्हणणं हे संरक्षण नव्हे, तिच्यावरचा ताबा सांगणं आहे.

'इलोप' मराठीत आणा असं मला म्हणायचं नाही. आपलीच साधी क्रियापदं पुरतात: ती गेली. तिने लग्न केलं. बातमी लिहिताना, पुढे पाठवताना, कट्ट्यावर बोलताना एवढंच बघा, की जी चालत गेली तिला वाक्यात तरी चालू देताय का.

दर आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. भावाचं न ऐकता घरातून गेलेल्या लेकीची पालखी माहेरची माणसं खांद्यावर घेऊन शेकडो किलोमीटर चालतात. त्याच माणसांना घरातल्या लेकीसाठी एक क्रियापद बदलणं जड जाऊ नये.