दोन तारांची सोयरीक

संधी शिकवणे हा माझा गेल्या वीस वर्षांचा धंदा आहे. 'सूर्य' आणि 'अस्त' शेजारी आले की दोघांमधले अकार एकमेकांत मिसळतात आणि 'सूर्यास्त' होतो, हे मी दरसाल फळ्यावर लिहितो. अशा माणसाला दोन तारा धड जोडता येऊ नयेत, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. पण दिवाळी म्हणजे जमाखर्चाच्या वह्या उघडण्याचे दिवस. तेव्हा माझ्या नावे पडलेली एक खोट या सदरात मांडून मोकळा होतो.

आमच्या मुलुंडच्या घरासमोर एक पद्मिनी उभी असते. १९७४ सालची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. तीच फियाट पुढे 'पद्मिनी' झाली, तरी आमच्या तोंडी अजून फियाटच आहे. म्हणजे हिचे माहेर आमच्यापासून अवघ्या सात स्टेशनांवर. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, त्या दिवशी बाबांनी आमची गाडी दोनदा पुसली. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये 'विंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली आहे. पण ती घेतली की गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. बाबा म्हणाले, "म्हातारी झाली म्हणून काय देव्हाऱ्यात बसवायची?" विषय संपला.

गेल्या ज्येष्ठात बॉनेटखाली एक तार तुटली. पुढच्या दोन्ही दिव्यांना वीज नेणारी. मी दोन्ही टोके सोलली, एकमेकांभोवती पीळ घातला, वर काळी पट्टी गुंडाळली. दिवे लागले. "झालं बाबा, पक्कं केलंय," असे मी ऐटीत सांगितले.

पंधरा दिवसांनी बाबा म्हणाले, "दिवे मंद वाटतात रे."

"दिवे ठीक आहेत. तुमचा चष्मा बदलायला झालाय," मी म्हणालो.

बाबांनी वाद घातला नाही. मुकाट्याने डोळे तपासून आले आणि नवा चष्मा करून घेतला.

आषाढात बोरिवलीला आत्याकडे जेवण होते. परतायला रात्र झाली. पावसाने जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता तुंबला असेल म्हणून घोडबंदरवरून निघालो. मी चालवीत होतो, बाबा शेजारी, आई मागे. गायमुखच्या चढावर एका वळणाशी दोन्ही दिवे एकदम गेले. पाऊस, काळोख, आणि मागून ट्रकचा भोंगा. "डावीकडे घे. हळू," बाबा म्हणाले, तेही अगदी शांतपणे. ट्रक इतक्या जवळून गेला की आमचा आरसा थरथरला. बॉनेट उघडून मी त्या जोडाला हात लावला, तो बोट भाजले. पट्टीचा डिंक वितळून वाहिला होता. तार जरा हलवली, दिवे पुन्हा लागले. एका एसटीच्या मागे मागे, जीव मुठीत धरून, आम्ही घर गाठले. आईची रामरक्षा ठाण्यापर्यंत थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेली आहे. त्यांनी पट्टी उलगडली आणि विचारले, "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच."

वडिलांनी मुलाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यावी, हे लहानपणी गोड असते. पंचेचाळिसाव्या वर्षी ते फार झोंबते. मी म्हणालो, "नाही मिस्त्री, हा जोड माझा."

"मग सर, इकडे बसा," मिस्त्री म्हणाले, आणि माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांचे पहिले वाक्य मी विसरणार नाही. "तार पुरती तुटली असती तर बरं झालं असतं. अर्धवट जोड जास्त वाईट." का, ते ऐका. बारा व्होल्टच्या गाडीत पंचेचाळीस वॅटचे दोन दिवे साडेसात अँपिअर वीज ओढतात. जोडात ०.२ ओहम एवढा अडथळा आला तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि दहाएक वॅटची उष्णता त्या बोटभर जागेत साठते. दिव्याला दीड व्होल्ट कमी मिळाला की प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो. म्हणजे बाबांचे डोळे ठीक होते! आणि फ्यूज? तो जास्त वीज वाहिली की जळतो. अशा जोडाने वीज उलट कमी वाहते. त्यामुळे फ्यूज स्वस्थ बसतो आणि तार तापत राहते. मुंबईची दमट हवा त्या पिळात शिरते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो, अडथळा वाढतो. तापणे, निवणे आणि इंजिनाची थरथर यांनी पीळ सैल होत जातो. संधीत दोन अकार एक होतात; माझ्या दोन तारा नुसत्या शेजारी उभ्या होत्या.

"मग डाक देऊ?" मी विचारले. सोल्डरिंगला आपला हा जुना शब्द. मिस्त्रींनी मान हलवली. डाक वाईट नाही, पण त्याच्या जिवावर तार लोंबकळत ठेवायची नसते. आधी तारा एकमेकींत नीट गुंफायच्या, मग डाक द्यायचा, तोही राळेचा. आम्लाचा नव्हे, कारण उरलेले आम्ल तांबे खाते. शिवाय वितळलेला डाक तारेच्या बारीक पदरांत वर चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. थरथरीत तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून डॅशबोर्डमागे, जिथे तार बांधून स्थिर ठेवता येते, तिथे डाक चालतो. इंजिनाशेजारी नाही.

इंजिनाशेजारी दाबून बसवलेली नळी. तारेच्या जाडीची तांब्याची नळी घ्यायची, दोन्ही टोके आत सारायची आणि तिच्यासाठी बनवलेल्या पकडीनेच दाबायची. साधी पक्कड नळी चपटी करते. आत पोकळी राहते. नीट दाबली की पदर आणि नळी इतकी घट्ट बसतात की मध्ये हवा, पाणी शिरत नाही. रंगीत आवरणाच्या नळ्यांत लाल बारीक तारेला, निळी मध्यम, पिवळी जाड. मोठ्या नळीत बारीक तार म्हणजे थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला. वरून आतून डिंक असलेली, तापवली की आकसणारी नळी चढवायची.

जो जोड कधी सोडवावा लागेल, तिथे चपटी किंवा गोळीसारखी खटक्याची टोके. घरच्या वायरिंगमधली स्क्रूची पट्टी गाडीत नको. स्क्रू तारेचे पदर चिरडतो आणि हादऱ्यांनी सैल होतो. आणि परतीची वाट विसरायची नाही. आपल्या गाड्यांत वीज दिव्याकडे तारेने जाते, पण परत येते गाडीच्या पत्र्यातून. तिथला बोल्ट गंजलेला असेल तर बाकी सगळे जोड सोन्याचे करूनही उपयोग नाही. रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचे, वर व्हॅसलीन फासायचे.

एवढे सांगून मिस्त्रींनी पकड माझ्या हाती दिली. मी नळी दाबली. "आता ओढा," ते म्हणाले. मी भीतभीत ओढले. "मास्तरासारखं नका ओढू. तुटली पाहिजे अशी ओढा." मी जोर लावला आणि तार निघून हाती आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा नाही. मिस्त्री हसले. "दिवा लागला म्हणजे जोड झाला असं नसतं, सर. ओढून सुटला नाही म्हणजे झाला."

ती तार बसवल्याला आता काही महिने झाले. दर रविवारी बॉनेट उघडून मी तिला हात लावून पाहतो. थंड असते.

येत्या भाऊबीजेला बाबांना आत्याकडे बोरिवलीला न्यायचे आहे, घोडबंदरवरूनच. परवा रात्री सराव म्हणून गाडी नाक्यापर्यंत काढली. रस्ता लांबवर उजळून निघाला. बाबा बराच वेळ समोर बघत राहिले, मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "छान दिसतंय. चष्मा चांगला लागला हो मला."