स्टार की डेल्टा, हे मोटार जळण्याआधी विचारा

कापड विकणाऱ्याने मोटारीच्या वायरिंगवर का लिहावे, असे वाचक बंधू विचारतील. आम्ही विकतो ते कापड मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर मोटारीनेच निघते, हे एक कारण. (हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, आमच्या मेडशीचा तालुका असलेले मालेगाव निराळे.) दुसरे कारण रोकडे आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या गावात पिठाची गिरणी, मिरची कांडप, विहिरीवरचा पंप यांवर ज्यांचे घर चालते, तेच आमचे गिऱ्हाईक. त्यांची मोटार जळाली की आमची उधारी अडकते.

थ्री-फेज मोटारीत तीन गुंडाळ्या, म्हणजे सहा टोके. तिन्ही गुंडाळ्यांचे शेवट एकत्र बांधले की स्टार. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीस, असे फिरत जोडले की डेल्टा, म्हणजे त्रिकोण. उर्दू शाळेत आम्ही त्याला मुसल्लस म्हणत असू. आपल्याकडे दोन फेजांमध्ये 415 व्होल्ट धरतात. डेल्टात ते पूर्ण एका गुंडाळीवर पडतात, स्टारमध्ये 240च. सगळा हिसाब एवढाच, पण तो बिघडला की नुकसान मोठे. स्टारसाठी बनवलेली छोटी मोटार डेल्टात बांधली तर थोड्याच वेळात धूर निघतो. उलट, डेल्टाची मोटार स्टारमध्ये राहिली तर रिकामी छान फिरते आणि माणूस तिथेच फसतो. तिचा जोर एक तृतीयांश उरतो. दाणा पडला की ती दबते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. दोष मात्र वीज कंपनीला किंवा नशिबाला!

मग मोठी मोटार स्टारमध्ये सुरू का करतात? दहा हॉर्सपॉवरची मोटार भरल्या कामावर सुमारे 14 अँपिअर घेते, पण थेट सुरू केली तर क्षणभर सहापट, म्हणजे 84च्या आसपास. स्टारमध्ये सुरू केली तर 28. वेग आला की स्टार्टर तिला डेल्टात टाकतो. मात्र सुरुवातीला जोरही एक तृतीयांशच असतो, म्हणून गिरणी रिकामी सुरू करावी, दाणा नंतर सोडावा. शिवाय असा स्टार्टर लावताना मोटारीच्या डब्यातल्या पितळी पट्ट्या काढून सहाही वायरी स्टार्टरपर्यंत न्याव्या लागतात. डेल्टाच्या पट्ट्या तशाच राहिल्या तर सुरू करतानाच शॉर्ट.

खरी अडचण रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. आपली पुष्कळ मुले उस्तादाच्या हाताखाली हा हुनर शिकतात आणि हात सफाईचा असतो. पण काही ठिकाणी आतच स्टार बांधून तीनच टोके बाहेर देतात. अशा मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर काय करणार? आमचे म्हणणे असे की मोटार परत देताना जोडणी स्टार की डेल्टा, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे, सहा टोकांवर खुणा कराव्यात आणि मोटारीवरची पाटी रंगाखाली दडपू नये. गिऱ्हाइकानेही चिठ्ठी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. यात उस्तादाचा अपमान नाही. ही मोटार एईजी कंपनीच्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी 1889 साली बनवली. इतक्या वर्षांनी तिची जोडणी गुपित ठेवण्यासारखे त्यात काय उरले?

एक फेज गेला तरी चालू मोटार थांबत नाही, गुरगुरत फिरते आणि जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. तो ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून काढून टाकणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. ट्रिप होणे हेच त्याचे काम आहे, बाबांनो.

खर्च परवडत नाही, हे आम्हाला अनेकदा ऐकवतात. पाच हॉर्सपॉवरच्या आतल्या मोटारीला बहुधा साधा स्टार्टर पुरतो, तिथे उगाच खर्च करू नये. पण दहाच्या मोटारीला स्टार्टर टाळून वाचवलेला पैसा रिवाइंडिंगला जातो, आणि मोटार दुकानात पडून असते तेवढे दिवस गिरणी बंद. हुनर हाती असलेल्या मुलांना त्यांच्या घरच्यांनी आयटीआयच्या वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन कोर्सला जरूर घालावे. परवाना नसेल तर सरकारी आणि कारखान्याचे काम मिळत नाही, आणि गल्लीतल्या कामात अपघात झाला तर त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते.