श्रद्धा ही पळवाट नव्हे



ख्रिस्ती श्रद्धा माणसाला घरच्या कटकटींपासून पळायला शिकवते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र पुन्हा उघडावे. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या काळात नातलगांचा रोष होता, लहानग्या मुलाची, दत्तूची काळजी होती, आणि पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. चूल वेगळी, पण संसार एक! टिळकांच्या श्रद्धेला ही रोजची ओढाताण टाळता आली नाही. त्या ओढाताणीतच दोघांना एकमेकांचे मन राखावे लागले.

यावर कोणी म्हणेल, टिळकांचा तापट स्वभाव तरी श्रद्धेने कुठे निवळला? आक्षेप रास्त आहे. लक्ष्मीबाईंनी तो राग लपवलेला नाही, की घरात पैसा टिकू न देणारा टिळकांचा हात. पण ख्रिस्ती शिकवण माणूस निर्दोष होईल असे सांगतच नाही. चुकलेल्याने पुन्हा परतावे आणि दुसऱ्याने क्षमा करावी, एवढीच तिची मागणी आहे, आणि ती रोज घरातच पुरी करावी लागते. शिवाय पळवाटच हवी असती, तर १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली नसती.

– एक वाचक