हत्तीला कुठे दुखते?

घरातील तीन-चार वर्षांचे मूल कापडी हत्तीला घास भरवते, त्याच्यावर रुसते, ‘त्याला आज ताप आहे’ असे आपल्याला बजावून सांगते. आजीला कौतुक वाटते. आई-वडिलांच्या मनात मात्र शंका डोकावते, मूल भ्रमात तर नाही ना? वाचकहो, हा आजार नव्हे. वाढीचा एक टप्पा आहे.

साधारण २ ते ७ या वयात मूल निर्जीव वस्तूलाही जीव बहाल करते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मांडले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये अशा लाडक्या वस्तूचे मोल उलगडून दाखवले. आईच्या कुशीतून बाहेरच्या जगाकडे जाताना ती मुलाचा आधार होते. आईच्या जुन्या साडीची गोधडी कवटाळल्याशिवाय न झोपणारे मूल आपल्याकडेही घरोघरी आढळतेच.

मार्जरी विल्यम्स यांच्या १९२२ मधील ‘द वेल्वेटीन रॅबिट’ या कथेत मुलाला स्कार्लेट फीवर होतो आणि डॉक्टर त्याचा लाडका ससा जाळायला सांगतात. आज साध्या सर्दी-तापानंतर खेळणे साबणाने धुऊन उन्हात वाळवले तरी भागते. मात्र ‘हत्तीची आंघोळ’ मुलाला सांगूनच करावी; खेळणे लपवू नये, परस्पर टाकून देऊ नये.

दवाखान्यात येताना हत्तीलाही आणा. ‘तुला कुठे दुखते?’ या प्रश्नावर गप्प राहणारे मूल ‘हत्तीला कुठे दुखते?’ म्हणताच पोटावर बोट ठेवते. शाळेतली भीती, धाकट्या भावंडाचा मत्सर, कुणाचा नकोसा स्पर्श, हेही पुष्कळदा हत्तीच्या तोंडूनच बाहेर पडते. म्हणून हसू नका, खोडून काढू नका, ऐका.

पथ्ये थोडीच. एक वर्षाच्या आतील बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणी ठेवू नयेत. बटणांचे डोळे आणि बटण-सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

मूल माणसांशी बोलणे टाळू लागले, शिकलेले शब्द विसरू लागले, त्या मित्राचीच त्याला भीती वाटू लागली किंवा ‘तो मला मारायला सांगतो’ असे ते म्हणू लागले, तर मात्र डॉक्टरांना अवश्य भेटा. एरवी ताटाशेजारी हत्तीसाठी एक वाटी मांडायला हरकत नाही. काही वर्षांनी ती वाटी मूल आपणहून उचलून ठेवील.