रोज नवा वॉलपेपर, तोही फुकटात

विंडोज एक्सपीचा तो हिरवागार डोंगर आठवतोय ना? चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तो टिपला आणि २००१ साली एक्सपीबरोबर तो जगभरच्या टेबलांवर जाऊन बसला. खरं तर तिथे द्राक्षांच्या वेली असायच्या. किडीमुळे त्या उपटाव्या लागल्या होत्या, म्हणून नुसतं गवत. एखाद्या नाशिककराला सांगून बघा, फोटो लगेच वेगळा दिसेल त्याला!

तो डोंगर आपण वर्षानुवर्षं बदललाच नाही. आळस, दुसरं काय! आणि आळशी माणसासाठीच तर स्क्रिप्ट असते, बॉस.

माझ्या घरच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, ग्नोम डेस्कटॉपवालं. त्यात बाबांचे स्कॅन केलेले फोटो पडून होते, सहाशेच्या वर. बाबा गेल्यापासून तो फोल्डर मुद्दाम उघडायला हात धजावत नव्हता. मग ठरवलं, आपण नाही ना निवडायचं? मशीनला निवडू दे.

स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत 'फाइंड' ही कमांड फोल्डरमधले सगळे फोटो गोळा करते आणि 'शफ' पत्ते पिसल्यासारखं त्यातला एक काढून देते. दुसऱ्या ओळीत 'जीसेटिंग्ज सेट' लिहून तो फोटो 'पिक्चर-यूआरआय' या सेटिंगला चिकटवायचा. फोटोच्या पूर्ण पत्त्याआधी 'फाइल', कोलन आणि दोन स्लॅश हवेत. पत्त्याची सुरुवातच स्लॅशने होते, म्हणून दिसतात तीन. बस्स! डार्क मोडवाल्यांनो, तुमच्यासाठी तिसरी ओळ. २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ पासून डार्क थीमचा वॉलपेपर 'पिक्चर-यूआरआय-डार्क' मध्ये वेगळा ठेवला जातो. हे ठाऊक नसलं तर स्क्रिप्ट निमूट चालते, एरर देत नाही आणि स्क्रीन जैसे थे!

आता ती रोज आपोआप चालवायची कशी? जुनेजाणते 'क्रॉन' सुचवतील. पण क्रॉन तुमच्या डेस्कटॉप सेशनच्या बाहेर चालतो, त्याला तुमची स्क्रीन कुठली ते आपणहून कळत नाही. उगाच डोकेफोड. त्यापेक्षा फाइलला एक्झिक्युटेबल करा आणि 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये टाका. लॉगिन केलं की फोटो बदललेला.

परवा सकाळी स्कूटरवर ऐटीत बसलेले बाबा समोर आले. ही स्कूटर कधी होती आपल्याकडे? आईला फोन लावला. "अगं, ती काकांची! बाबांना कुठे चालवता येत होती? फोटोपुरते बसले होते." मग पाऊण तास आई बोलत होती आणि माझा चहा गार.

एक काळजी मात्र घ्या. वर्क फ्रॉम होमवाल्यांचा स्क्रीन शेअर कधी सुरू होईल नेम नाही आणि क्लायंटला आपले बाबा कशाला दाखवायचे? त्यासाठी एका ओळीची दुसरी स्क्रिप्ट आहे. 'पिक्चर-ऑप्शन्स'ला 'नन' केलं की फोटो गायब, साधा रंग हजर. मीटिंग संपली की 'झूम', फोटो परत. मी दोन्हींना कीबोर्ड शॉर्टकट दिलेत. कंपनीच्या लॅपटॉपवर वॉलपेपर लॉक केलेला असेल, तर तिथे हा उद्योग नको. आयटीवाल्यांशी पंगा कोण घेणार!