परदेशी नोटांची आरास

रंकाळ्याजवळच्या माझ्या एका स्नेह्यांकडे दिवाळीच्या फराळाला गेलो, की चकलीच्या आधी पुढे येतो तो परदेशी नोटांचा आल्बम! आपले राजाराम महाराज १८७० साली इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. त्यांचे स्मारक पाहायला गेलेल्या या गृहस्थांनी तिथल्या उरलेल्या लिरा जपून ठेवल्या. म्हणाले होते, “मास्तर, पुन्हा गेलो तर उपयोगी पडतील!” पुढे २००२ साली लिरा जाऊन युरो आला, नोटा बदलून देणेही २०११ च्या डिसेंबरात थांबले. पैसा होता, त्याचा कागद झाला!

मला चीड येते ती कागदाची नव्हे, त्यामागच्या मिजाशीची. गेल्या दिवाळीत माझ्यादेखत त्यांच्या मोलकरणीने मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी उचल मागितली. उत्तर मिळाले, “सुटे नाहीत.” तो मुलगा माझ्या वर्गात आहे.

वाचकहो, पैसा मिरवायचा नसतो, फिरवायचा असतो. दोन हजार डॉलरांपर्यंतचे परकीय चलन बाळगायला कायद्याची मुभा आहे. त्यावरच्या नोटा परतल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. पण मुभा म्हणजे काही शहाणपण नव्हे! उरलेली नाणी युनिसेफसाठी गोळा करणाऱ्या विमान कंपन्या आहेत. त्यांच्या पाकिटात ती टाका. नोटा मात्र आठवड्याच्या आत बँकेत देऊन त्यांचे रुपये करा, आणि त्यांतून एखाद्या पोराची फी भरा.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आल्बम नको. ती पावती ठेवा.